बायना

आमच्याकडे जमिनीचा सौदा ठरला की आधी बयाणा देतात. बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाच्या कानावर हा शब्द रोज पडतो. २०१४ च्या जूनमध्ये माझी बदली पश्चिम बंगालमध्ये, पूर्व मेदिनीपूर जिल्ह्यातल्या कांथीजवळच्या एका शाखेत झाली. समुद्र जवळ, काजूची झाडं, सुरूची बनं, विड्याच्या पानांचे झाकलेले मळे. भाषा सोडली तर कोकणातच आल्यासारखं वाटावं. शनिवार होता, अर्ध्या दिवसाची घाई. एक पानमळेवाले गृहस्थ गावातल्या क्लबच्या खात्यातून पैसे काढायला आले. एवढी रक्कम एकदम कशाला म्हणून मी सहज विचारलं, तर म्हणाले, “बायना.” मला वाटलं, क्लबसाठी जागा घेताहेत. ते हसले. “जोमी नोय दीदी, जात्रा.” जमीन नव्हे, जात्रा, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या कंपन्यांचं बंगाली लोकनाट्य.

दुसऱ्या दिवशी रथयात्रा होती. त्या दिवशी कोलकात्याला चितपुरात जाऊन नाटक कंपनीच्या हातावर आगाऊ रक्कम ठेवायची, की हिवाळ्यातली एक रात्र गावाच्या नावावर लागते. आमचाच बयाणा, फक्त जमिनीऐवजी एका रात्रीचा.

मी नारायणगावची. वसंतात आमच्या गावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले जीप करून येतात, फडमालकासमोर मांडी घालून बसतात आणि सुपारी ठरते, हे मी परकरात होते तेव्हापासून पाहिलेलं. त्यामुळे त्या गृहस्थांना मी आणखी दहा प्रश्न विचारले आणि मागची रांग ताटकळली. कंपनीला गावात बोलावणाऱ्याला तिकडे ‘नायेक’ म्हणतात. नाटकातला नायक वेगळा, हा नायेक वेगळा. पालाची निवड त्याची, पैशाची जोखीम त्याची, आणि प्रयोग पडला तर गावाच्या शिव्याही त्याच्याच. पाला म्हणजे नाटक. आमचे हे दादा क्लबचे सेक्रेटरी होते आणि त्या वर्षी तिकिटांच्या पैशातून त्यांना शाळेला एक खोली बांधायची होती.

जात्रा हिवाळ्यात का, याचं उत्तर मला त्या भागात राहिल्यावर कळलं. पावसाळी भात कापून झालं की दोन गोष्टी एकदम होतात: हातात पैसा येतो आणि शेत मोकळं होतं. ज्या खाचरात कार्तिकापर्यंत भात उभं होतं तिथेच पौष-माघात बांबू रोवून मांडव पडतो. पावसाळाभर चितपुरात तालमी, दुर्गापूजेच्या सुमाराला हंगामाची सुरुवात, आणि मग ज्येष्ठापर्यंत कंपनीची बस आज या जिल्ह्यात, उद्या त्या. मेदिनीपूर, बांकुडा, पुरुलिया, सुंदरबनाच्या कडेची गावं, आसनसोलच्या कोळसा खाणी, उत्तरेकडचे चहामळे, कधी आसाम आणि त्रिपुरा. मधे माध्यमिकच्या परीक्षा आल्या की लाउडस्पीकरवर निर्बंध येतात. निवडणुका आल्या की हातच्या तारखा उडतात. रस्त्यावर काढलेले सात-आठ महिने आणि पावसात घरी काढलेले उरलेले, असं त्या माणसांचं वर्ष.

मी पहिला पाला पाहिला तो २०१५ च्या जानेवारीत, त्याच दादांच्या गावात. शाखेतली माझी एक सहकारी सोबत होती. आम्ही संध्याकाळी पोचलो तेव्हा कंपनीची बस गावाबाहेर कालव्याच्या साकवापाशी अडकली होती. साकव अरुंद, पुढचं वळण त्याहून अरुंद. पलीकडे अर्धा किलोमीटरवर मांडव. ड्रायव्हर खाली उतरून चाकाकडे बघत उभा होता. कुणी आरडाओरडा केला नाही. गावातली पंचवीस-तीस पोरं आली आणि त्यांनी ट्रंका उचलल्या. कपड्यांच्या ट्रंका, दिव्यांच्या पेट्या, वायरची भेंडोळी, घडीची सिंहासनं. जे डोक्यावर मावेना ते सायकलभ्यानवर, म्हणजे पायाने मारायच्या तीनचाकी गाडीवर. मुकुटांची पेटी एका अगदी बारक्या पोराने मागून घेतली आणि साकवावरून इतकी जपून नेली की मागचे सगळे त्याच्या चालीने चालू लागले.

मांडवाला चहूबाजूंनी पत्र्याचा आडोसा. मध्ये उंच चौरस रंगमंच, तीन बाजू पूर्ण उघड्या. त्यालाच आसर म्हणतात. दोन अंगांना बुटक्या पाटांवर वादक, मागून साजघरातून येणारी चिंचोळी वाट. वरून टांगलेले माइक. तिकिटं दोन तऱ्हेची, खुर्ची आणि जमीन. आम्हाला खुर्च्या दिल्या होत्या, पण बायकांच्या बाजूला पेंढा पसरून त्यावर चादरी घातल्या होत्या आणि तिथली ऊब बघून आम्ही तिकडे जाऊन बसलो. शेजारच्या ठाकुमाने, म्हणजे आजीने, माझं बंगाली ऐकून विचारलं, कुठली गं तू? महाराष्ट्र म्हटल्यावर तिला क्षणभर काही उमजलं नाही. माझ्या सहकारीने सांगितलं, मराठा. म्हातारी माझ्याकडे वळून बघत राहिली. म्हणाली, “बर्गी?”

मेदिनीपूर म्हणजे नागपूरकर भोसल्यांच्या फौजा, तिकडच्या भाषेत बर्गी, वर्षानुवर्षं ज्या वाटेने बंगालमध्ये उतरल्या, तो मुलूख. १७४१ पासून १७५१ पर्यंत, दहा वर्षं. बर्गी आले देशात, आता सारा कसा भरायचा, असं गाणं म्हणत तिकडच्या आया अजून पोरांना झोपवतात. शाळेच्या पुस्तकात आम्ही अटकेपार झेंडे शिकलो. हे गाणं कुणी शिकवलं नव्हतं. मला काय बोलावं सुचेना. ठाकुमाने तिच्या शालीचं एक टोक माझ्या पायांवर टाकलं आणि म्हणाली, थंडी वाजेल, नीट सरकून बस.

मग कॉन्सर्ट सुरू झाला. पालाआधी वादक मिळून जे वाजवतात त्याला तिकडे कॉन्सर्ट हाच शब्द आहे. पत्र्याबाहेर घुगनी, चॉप, मुडी खात रेंगाळलेली माणसं तो ऐकला की धावत येतात. माझ्यापासून दोन हातांवर क्लॅरिनेटवाले बसले होते. साठीच्या पुढचे, कानटोपी, मफलर, वर कोट. सगळे त्यांना मास्टरमोशाय म्हणत. बाकीचे सूर लावत असताना हे नुसते बसले होते, तोंडात काहीतरी धरून, सुपारी चघळावी तसं. नंतर लक्षात आलं, वाद्याची पातळ पट्टी, म्हणजे रीड, ओठांत धरून भिजवत होते. थंडीत ती कोरडी राहिली तर चिरकते. त्यांनी ती काढली, दिव्याकडे धरून पाहिली, अंगठ्याने पुसली, तोंडपट्टीवर बसवून कडी आवळली, आणि पहिलाच सूर असा काढला की माझ्या पाठीवरून शहारा गेला. एवढ्या मोठ्या मैदानात तो एक सूर शेवटच्या माणसापर्यंत माइकशिवाय पोचला असता.

पाला सामाजिक होता. दोन भाऊ, वाटणी, आईला कोणी ठेवायचं. गोष्ट मला पहिल्या दहा मिनिटांत कळली आणि शेवटपर्यंत मी रडत होते. शहरातली बंगाली माणसं कुणी अति अभिनय केला की ‘जात्रा करतोय’ म्हणतात. आपणही पोरांना ‘तमाशा करू नकोस’ म्हणतोच. दोन्ही भाषांनी ज्या कलेवर आपली गावं पोसली तिचंच नाव शिवीसारखं वापरावं, याचं मला फार वाईट वाटतं. ज्याला तीन बाजूंना तोंड द्यायचं आहे, ज्याच्यापुढे पहिल्या रांगेतलं तान्हं आहे आणि शेवटी पत्र्याला टेकून उभा असलेला व्हॅनवाला आहे, त्याने पुटपुटून कसं चालेल? त्या थोरल्या भावाचं काम करणारा नट आईला घराबाहेर काढताना असा वळायचा की प्रत्येक बाजूला वाटावं, हा आपल्याकडेच पाठ फिरवतोय. याला अति म्हणत नाहीत. हे कसब आहे, आणि ते वर्षानुवर्षं रोज रात्री केल्याशिवाय येत नाही.

मधेच एक वेडा येऊन गायचा. गोष्टीशी त्याचा काही संबंध नाही. भाऊ खोटं बोलला की हा कोपऱ्यातून उगवणार, गाणार, निघून जाणार. सहकारी म्हणाली, हा पूर्वीचा विवेक. जुन्या पालांत विवेक नावाचं पात्रच असायचं, मनातला सदसद्विवेक म्हणून. राजा चुकला की ते त्याच्या तोंडावर गाऊन सांगायचं आणि आसरातल्या दुसऱ्या कुणालाही ते दिसत नसे. आता कपडे बदलले, नाव गेलं, पण ती जागा कुणी रिकामी सोडलेली नाही.

मध्यंतराच्या सुमाराला मला साजघरात जायला मिळालं. तिथे थोरल्या सुनेचं काम करणारी बाई गरम पाण्याच्या गुळण्या करत होती. समोर आरशाला टेकवून फोन ठेवलेला, स्पीकरवर. पलीकडे तिची मुलगी सातचा पाढा म्हणत होती. बंगालीत पाढ्याला नामता म्हणतात. सात दुगुने चौद्दो, तीन सात्ते एकुश. बाई एका डोळ्यात काजळ ओढत होती आणि पोर अडखळली की हात न हलवता पुढचा आकडा सांगत होती. पोर नऊपर्यंत आली आणि बाहेरून हाक आली. “बाकीचा उद्या,” म्हणून तिने फोन बंद केला आणि त्या वाटेने धावत जाऊन आसरात पोचताच सासूच्या पायांवर कोसळली.

परंपरा टिकवणं म्हणजे काय, यावर मी पुढे बरंच वाचलं आणि वाचलं तसं माझं मत पक्कं होत गेलं. जात्रेची सुरुवात शोधत गेलं की चैतन्य महाप्रभूंपर्यंत पोचतो. नवद्वीपात चंद्रशेखर आचार्यांच्या घरी त्यांनी स्वतः रुक्मिणी होऊन नाच केला, असं ‘चैतन्य भागवता’त सांगितलंय. म्हणजे कृष्णभक्ती. पण ती काही तिथेच थांबून राहिली नाही. बारिसालच्या मुकुंद दासांनी (१८७८–१९३४) तीच जात्रा वंगभंगाच्या काळात स्वदेशीच्या कामाला लावली. त्यांच्या गाण्यांत बायकांना विलायती बांगड्या फेकून द्यायला सांगितलेलं असे. त्यांच्या ‘मातृपूजे’वर सरकारने बंदी आणली, त्यांना तुरुंगात घातलं. आपल्याकडे खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० मध्ये बंदी आली ती त्याच दिवसांतली. एकाच सरकारला एकाच वेळी दोन टोकांची नाटकं झोंबत होती.

फाळणीत पूर्वेकडच्या कंपन्या, नट, पालाकार इकडे आले. साठच्या दशकात बायका आसरात आल्या आणि बाईचं काम करणारे पुरुष मागे पडले. चपल भादुडी, ज्यांना लोक चपल रानी म्हणून ओळखत, त्यांच्याकडे एके काळी राण्यांच्या भूमिका असायच्या. पुढे ते शीतला देवीचं सोंग घेऊन गल्ल्यांमध्ये पाला करत. बालगंधर्वांवर जीव टाकणाऱ्या आपल्या माणसांना यातलं दुःख वेगळं समजावून सांगायला नको. त्याच दशकाच्या शेवटी उत्पल दत्त, तेच आपल्याला ‘गोलमाल’मधल्या मिशांमुळे ठाऊक असलेले, चितपुरात आले आणि त्यांनी जात्रेसाठी लिहिलं, बसवलं. ‘तरुण ऑपेरा’ या कंपनीच्या शांतिगोपाल यांनी भातशेतातल्या मांडवात हिटलर उभा केला, लेनिन उभा केला. न्यूयॉर्कचे मनोरे पडले तर चितपूरने त्यावरही पाला काढला. मग शुद्ध जात्रा नेमकी कुठली? रुक्मिणीची, स्वदेशीची, की लेनिनची?

म्हणून आता पोस्टरवर मालिकेतल्या नटीचा चेहरा मोठा आणि कंपनीचं नाव बारीक असतं, रात्रभर चालणारा पाला तीन तासांवर आलाय, मागे पडद्यावर वीज चमकते, ढोल-कॉर्नेटच्या जागी कीबोर्ड आलाय, याबद्दल मला कुणी हळहळून सांगितलं की मी ऐकून घेते, पण मान डोलावत नाही. वादकाचं काम जातं तेव्हा मात्र मला खरंच दुखतं. बाकीचं सगळं जात्रेने आधीही अनेकदा केलेलं आहे. कोलकात्यात बागबाजारला सरकारने जात्रेसाठी बांधलेलं फणिभूषण विद्याविनोद मंच नावाचं नाट्यगृह आहे. हिवाळ्यात तिथे उत्सव होतो, मीही एकदा गेले. खुर्च्या छान होत्या. (त्याच बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली आहे. आपल्या घोडेस्वारांच्या भीतीने १७४२ मध्ये खणलेल्या खंदकाची आठवण.) पण तिथे मला साकवावरून ट्रंका नेणारी पोरं दिसली नाहीत आणि त्यांच्याशिवाय मला ते अर्धंच वाटलं. माझ्या मते जात्रा टिकली आहे ती बोलावणारं गाव आणि ठरल्या तारखेला पोचणारी कंपनी, या दोघांमुळे.

याची खात्री मला २०१६ ने दिली. त्या वर्षी दादांनी अघ्राणातली, म्हणजे नोव्हेंबर अखेरची तारीख घेतली होती. आठ नोव्हेंबरला रात्री नोटा रद्द झाल्या. पुढचे दिवस बँकेतल्या कुणालाही विचारा. आठवड्याला २४,००० च्या वर रक्कम देता येत नव्हती आणि तेवढीही तिजोरीत असेलच असं नाही. रांगेत दादा उभे होते, माझ्यापर्यंत यायला त्यांना तीन तास लागले. तिकीट घ्यायला गावात कुणाकडे चालणारी नोट नव्हती. बायना तर आषाढातच गेलेला. मी म्हटलं, रद्द करा. ते म्हणाले, “बायना होये गेछे, दीदी.” बायना झालाय.

त्यांनी चितपूरला फोन केला. मॅनेजर म्हणाला, आम्ही येऊ, बाकीचं मागाहून द्या. कंपनी आली. त्या रात्री पोरांनी ट्रंका उचलल्या, मास्टरमोशायनी रीड भिजवली, निम्मं गाव उधारीच्या तिकिटांवर बसलं. क्लबच्या एका वहीत नावं लिहून घेतली होती. उरलेले पैसे पौषसंक्रांतीनंतर पानाचे पैसे आले तसे तीन हप्त्यांत गेले. कागद नाही, सही नाही, तारण नाही. मी पीककर्जाची वसुली बघणारी बाई, त्या तिसऱ्या हप्त्याच्या स्लिपवर शिक्का मारताना माझा हात थोडा थांबला. पहाटे सामान भरून झाल्यावर मॅनेजरने निरोप घेतला तेव्हा तो ‘जातो’ म्हणाला नाही, “आशि” म्हणाला. आपण ‘येतो’ म्हणतो, तसंच.

२०१८ मध्ये मी पुण्याला परत आले. २०२० आणि २०२१ मध्ये दादांचे फोन यायचे, पानाच्या भावाबद्दल, कुणाच्या आजारपणाबद्दल. जात्रेबद्दल दोघंही बोलत नव्हतो. क्लबने दोन वर्षं बायना दिलाच नव्हता. मग २०२२ च्या जूनमध्ये म्हणाले, यंदा देतोय, येणार का? मी रजा टाकली.

एक जुलैला रथ होता. चितपुरात सकाळपासून बारीक पाऊस. रवींद्र सरणीवर लालबाजारपासून जाताना वाद्यांच्या दुकानांसमोर मला थांबावंसं वाटलं, काचेमागे क्लॅरिनेट होतं. अत्तरांचा वास, मग जोडासाँकोची ठाकुरबाडी, मग ती एवढाल्या खोल्यांची गदीघरं, म्हणजे जात्रा कंपन्यांच्या कचेऱ्या. दारांवर झेंडूच्या माळा, भिंतींवर ओली पोस्टरं, काहींचा रंग खाली ओघळत होता. काही दारं बंदही होती आणि त्यांच्यावर माळा नव्हत्या. आमच्या कंपनीचं दार उघडं होतं. मॅनेजरने मला ओळखलं. मिठाईचा खोका पुढे केला. मी मास्टरमोशायबद्दल विचारलं.

“ते आता येत नाहीत. समोरचे दात गेले. रीड धरवत नाही.”

“मग कॉन्सर्ट?”

“मुलगा आहे एक. कीबोर्डवर क्लॅरिनेटचा आवाज काढतो. चांगला काढतो.” थोडं थांबून तो म्हणाला, “मास्टरमोशायच शिकवतात त्याला. कुठे श्वास घ्यायचा ते सांगतात. कीबोर्डला श्वास लागत नाही, तरी.”

दादांनी रुमालात बांधलेले पैसे काढले. मॅनेजरने वहीच्या नव्या पानावर सिंदुराचा स्वस्तिक काढला, गावाचं नाव लिहिलं, माघातली तारीख लिहिली. मग लेखणी थांबवून विचारलं, “तुमचा तो साकव. रुंद केला का हो?”

“साकव केला. वळण आहे तेवढंच आहे. बस नाही जाणार.”

“ट्रंका मग?”

दादा जरा गप्प झाले. मला माहीत होतं का. त्या पंचवीस-तीस पोरांतली निम्मी आता गावात नव्हती. कुणी केरळात बांधकामावर, दोघं-तिघं मुंबईला झवेरी बाजारात दागिने घडवायला. मुकुटांची पेटी नेणारा तो बारका, त्यांच्यातलाच एक.

“धाकटी आहेत,” दादा म्हणाले. “आणि माघात दोघं-चौघं येतात परत. उचलतील.”

मॅनेजरने मान हलवली आणि तारखेच्या पुढच्या रकान्यात बारीक अक्षरांत लिहिलं: शेवटचा अर्धा किलोमीटर, माणसांच्या डोक्यावरून.